घरमालकाशी नाते

बेघर निवारा, कारंजा लाड
९ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषा,

तुला आणि राजूबापूंना आशीर्वाद. आधीच लिहून घेतो, नाहीतर काळजीच्या भरात शेवटी राहून जातात.

गुरुवारी तुझा फोन आला होता. मी उचलला, पण कानात नुसती पिठाच्या गिरणीसारखी घरघर. मग त्रिशलाने ऐकून घेतलं आणि मला ओरडून सांगितलं. त्रिशला म्हणजे निवाऱ्याची व्यवस्था बघणारी पोरगी. ती काय ओरडली तेही मला नीट कळलं नाही. तेव्हा पत्रच लिहीत जा. डोळे अजून शाबूत आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली आहे एवढंच.

आता काळजीचं. पालिकेच्या सभेत ठराव झाला. निवाऱ्यासाठी जो निधी येतो त्याचे यंदापासून दोन भाग होणार. एका भागातून इथे अठरा खाटा राहतील, ज्यांना उठताबसता येत नाही त्यांच्यासाठी. दुसऱ्या भागातून, जे हिंडतेफिरते आहेत त्यांना अकरा महिने खोलीचं भाडं मिळेल. ते थेट घरमालकाच्या खात्यात. माझं नाव दुसऱ्या यादीत आलं. मी त्रिशलाला म्हणालो, माझे गुडघे बघ जरा. ती म्हणाली, "आजोबा, तुमी रोज मार्केट यार्डापर्यंत पायी जाता, साऱ्या गावानं पाह्यलं." चालण्याची सवय अशी अंगाशी आली.

मार्चअखेरपर्यंत खोली शोधायची. ज्याला मिळणार नाही त्याला अकोल्याच्या निवाऱ्यात नेऊन सोडणार. अकोल्यात मला कोण ओळखतं? इथे रस्त्यात पडलो तरी कोणी म्हणेल, अरे हा तर जगदेव मापारी. तिथे मी नुसता एक म्हातारा.

आजवर आठ घरं फिरलो. भाडं पालिका देणार म्हटलं की लोक खूश होतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारात पडतात. मोहनसिंग तर तोंडावर बोलला, "खोली देतो ना, कायले नाही देऊ? पन उद्या सकाळी तुमी उठलेच नाही, तर मी कोनाले फोन करू?" मी तुझा नंबर दाखवला. तर म्हणतो, "लेक हाय? मंग लेकीच्या घरी काहून नाही राहत?"

त्याला काय सांगायचं. तुला ठाऊक आहे, म्हणून चावीचं पुन्हा काढू नकोस. कापसाच्या जिनमागच्या गल्लीतलं घर तुमचं आहे, तुम्ही चाकणला गेल्यापासून ते बंद आहे, मान्य. पण बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. माझे वडील प्यायले नाहीत. तुझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, मी तुझ्या ओट्यावर कितीदा बसलो असेन, घोटभर घेतलं नाही. तुझी आई गेली तीसुद्धा ही रीत पाळून. आता त्र्याहत्तराव्या वर्षी मी मोडू?

संध्याकाळच्या हजेरीची वेळ झाली. त्रिशला नावं घेते आणि मी मनात मोजतो, लाभ, दोन, तीन. चाळीस वर्षं बाजारात मापं मोजली, पहिल्या मापाला कधी एक म्हटलं नाही, शुभ म्हणून लाभच म्हटलं. शेजारच्या खाटेवरचा ग्यानबा हसतो मला. इंझोरीकडचा आहे, मळणीयंत्रात उजवा हात गेला त्याचा. तोही दुसऱ्याच यादीत. एका हाताचा माणूस हिंडताफिरता धरला त्यांनी.

तुझा बाबा


चाकण
१७ फेब्रुवारी २०२५

बाबा,

पाया पडते, पण खरं सांगते, आज रागारागाने पडते आहे.

तुमचं पत्र तुमच्या जावयांनी मोठ्याने वाचलं, मी डब्यांच्या पोळ्या लाटत होते. मोहनसिंगकाकांनी विचारलं तेच मी गेल्या श्रावणापासून विचारते आहे. पावसात तुमच्या भाड्याच्या घराची भिंत बसली, त्या दिवशीच मी सांगितलं होतं की चावी मिश्रीलालकाकांच्या दुकानात आहे. तुम्ही चावी घेतली नाहीत, ट्रंक घेतली आणि निवाऱ्यात गेलात.

बाबा, निवाऱ्यातलं वरण चालतं. त्रिशलाताईंच्या हातचा चहा चालतो. बसस्टँडवरच्या टाकीचं पाणी चालतं. साऱ्या कारंज्याचं पाणी तुम्हाला चालतं, एक घर सोडून.

हे हसून म्हणतात, "बाबाले लिही, घर मायं हाय, पानी बोरचं हाय. तिथं तुमच्या लेकीचं काहीच नाही, बिनघोर प्या." मी हसले नाही.

आठ घरं फिरलात. आता नवव्या घरी जाताना जिनमागच्या गल्लीतून जा. आपल्या दारासमोर कडुनिंबाचा पाला घोटाभर साचला असेल. कुलूप तर गंजलंच असेल. बंद घराला लवकर म्हातारपण येतं. कोणी राहिलं तर उपकार होतील आमच्यावर.

गुडघ्याला तेल लावता का? कोण लावून देतं?

मंजू


बेघर निवारा, कारंजा लाड
२६ फेब्रुवारी २०२५

चि. मंजू,

रागावलेलं पत्रही पोचलं, बरं वाटलं. तेल ग्यानबा लावून देतो, डाव्या हाताने. त्याच्या पाठीला मी लावतो.

मी खरंच त्या गल्लीतून गेलो. पाला होता. शेजारच्या घरून झाडू मागून आणला आणि ओटा झाडला. झाडता झाडता एक गोष्ट सुचली, आणि ती चांगली आहे की वाईट या विचाराने दोन दिवस झोप धड झाली नाही. शेवटी चांगली आहे असं ठरवलं.

मी तुमच्या घरी भाडेकरू म्हणून राहतो. मागची खोली मला पुरे. रीतसर भाडेकरार करू. पालिका दर महिन्याला राजूबापूंच्या खात्यात भाडं भरेल. मग मी लेकीकडे येऊन राहिलेला बाप नाही, भाडं देणारा माणूस. भाडेकरूने घरमालकाच्या घरी पाणी प्यावं की नाही, याबद्दल आपल्यात काही रीत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. अकोल्याला जावं लागणार नाही, तुझं घरही उघडं राहील. मोहनसिंगचं तोंडही बंद होईल.

कागद या पाकिटातच आहेत. अर्ज मीच भरला. इथल्या अकरा जणांचे अर्ज मीच भरले, चौथीपर्यंतचं अक्षर अजून कामाला येतं. रकाने सगळे भरलेले आहेत, तू वाचत बसू नकोस. एखादा रकाना अडचणीचा असतो, तो भरावा लागतो, तसा भरला आहे. जिथे पेन्सिलीने फुली आहे तिथे राजूबापूंची सही. सोबत आधारची झेरॉक्स आणि पासबुकाचं पहिलं पान. दहा मार्चच्या आत परत पाठव, म्हणजे घाई होणार नाही.

नळ चालू आहे का तुमचा? की बोरवरच भागतं? मोटर बंद राहून जाम तर झाली नसेल? दुरुस्तीला किती लागतील, हे राजूबापूंना विचारून लिही.

तुझा बाबा


बेघर निवारा, कारंजा लाड
१२ मार्च २०२५

चि. मंजू,

दहा तारीख गेली. कागद आले नाहीत, पत्रही नाही.

पोस्टात दोनदा जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, पत्र आलं तर निवाऱ्यात आणून देतो, तुम्ही रोज येत जाऊ नका. मला वाटतं पाकीट वाटेत फाटलं असावं. मी डिंक कमी लावला होता. किंवा भाडं राजूबापूंना कमी वाटलं असेल. चाकणच्या मानाने ते कमीच आहे, पण पालिकेने ठरवलेलं आहे, त्यात माझा काही हात नाही. किंवा मीच काही बोललो असेन. सासऱ्याने जावयाला घरमालक म्हणणं त्यांना लागलं असेल, तर मी माघार घेतो. पण कळव.

फोन तुझा दोनदा आला होता असं त्रिशला म्हणाली. तू तिच्याशी काही बोलली नाहीस. "बाबा बरे हाय ना" एवढं विचारून ठेवलास म्हणे. असं का?

त्रिशलाने काल विचारलं, "आजोबा, घरमालक कोन हाय तुमचे?" मी म्हणालो, ओळखीचे आहेत. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग दुसऱ्या कामाला लागली.

खोली शोधायचं सोडून दिलेल्या दोघांना परवाच जीपने अकोल्याला नेलं. एकाने जाताना माझी उशी मागितली, मी दिली. ग्यानबाला अजून खोली नाही. तो मला चिडवतो, "कागद गेला का लेकच गेली, जगदेव?" त्याचा स्वभावच तसा आहे. पण मला ते ऐकवत नाही.

बाबा


(पोस्टकार्ड)
१८ मार्च २०२५

चि. मंजू, कार्ड टाकतो आहे, याला डिंक लागत नाही. होळी झाली. माझी तब्येत ठीक. तुमची लिही. कागद देण्याची शेवटची तारीख अठ्ठावीस. सही नसली तरी चालेल, पण चार ओळी लिही. बाबा.


चाकण
२३ मार्च २०२५

बाबा,

तुमचं पाकीट फाटलं नव्हतं. भाडं कमी वाटलं नाही. तुमचे जावईही रागावले नाहीत. कागद ज्या दिवशी आले त्याच संध्याकाळी त्यांनी सह्या केल्या. पाठवले नाहीत ते मी.

तुम्ही वाचू नकोस म्हणालात, म्हणून वाचले. अकरावा रकाना. घरमालकाशी नाते. त्यापुढे तुमच्या गोल गोल अक्षरात 'काही नाही'. खाली रेघसुद्धा मारली आहे.

नियम मला कळतो. नात्यातल्या घरासाठी भाडं मिळत नाही, म्हणून तसं लिहावं लागलं. तुम्ही खोटं लिहिलंत याचा मला एवढा राग नाही. पण तुमचा हात अडला नाही, बाबा. बाकी अर्जात तुम्ही तीन ठिकाणी खोडलं आहे. पिन कोड खोडला, जन्मसाल खोडलं. तिथे मात्र एका दमात लिहून रेघ मारलीत. जणू सोळा वर्षं तेच लिहायचं राहिलं होतं.

आज सगळंच लिहिते. समोर असताना मला बोलता आलं नसतं, आणि फोनवर तुम्हाला ऐकू आलं नसतं.

तुम्ही रीत सांगता ती अर्धी. पुढची अर्धी मी सांगते. लेकीला मूल झालं की रीत सुटते. मग बाप तिच्या घरी जेवतो, पाणी पितो. शेलूबाजारच्या मामांनी त्यांच्या वैभवीला मुलगी झाली तेव्हा बारशाला तिच्या घरी पोटभर खाल्लं, आणि तुम्हीच मला कौतुकाने सांगितलं होतं. माझ्याकडे ती वेळ आली नाही. येणारही नाही आता. म्हणजे तुम्ही माझ्या ओट्यावर बसून हाताने पेला मागे सारता, तेव्हा तुम्हाला वाटतं तुम्ही रीत पाळता. गल्लीला काय दिसतं? शेजारच्या जमनाबाई एकदा तुम्ही गेल्यावर मला म्हणाल्या, "तुया बाप अजून पानी नाही पेत काय वं?" बोलल्या तोंडाने, बघितलं माझ्या पोटाकडे. दर वेळी तुम्ही उठून गेलात की मी तो भरलेला पेला तुळशीत ओतायचे.

आणि आई. ती रीत पाळून गेली असं तुम्ही लिहिलंत. तिने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. बाजाराच्या दिवशी ती भाजी घेऊन मागच्या दाराने यायची. चुलीपाशी बसून भाकरी खायची, वांग्याची भाजी दोनदा घ्यायची, वरून दोन पेले पाणी. मग तोंड पुसून म्हणायची, "तुया बाबाले नको सांगू. त्यायचं मन मोडीन." नऊ वर्षं, बाबा. तिने तुमचं मन मोडलं नाही आणि माझंही मोडू दिलं नाही.

कागद सोबत आहेत, सह्या झालेले. अकराव्या रकान्याला मी हात लावलेला नाही. द्यायचे असतील तर तसेच द्या. भाडं येईल, मी घेईन, पावतीही देईन. अकोल्याला जाण्यापेक्षा ते बरं, हे मलाही कळतं. पण मग मी तुमची घरमालकीण. तेवढीच.

मंजुषा


बेघर निवारा, कारंजा लाड
२८ मार्च २०२५

मंजू,

पत्र काल मिळालं. बसस्टँडच्या बाकावर वाचलं. शेलूबाजारची गाडी लागली, भरली, गेली, तरी मी तिथेच.

तुझ्या आईला बाजाराच्या दिवशी भूक नसायची. घरी आली की म्हणायची, तुम्ही जेवा, माझं पोट जड आहे. मी घाबरलो होतो. दोनदा डॉक्टरकडे नेलं तिला. त्याने भूक लागायच्या गोळ्या दिल्या, आणि त्या तिने माझ्यासमोर घेतल्या. पोटभर जेवून आलेल्या बाईला मी भुकेच्या गोळ्या दिल्या, आणि ती हसलीसुद्धा नाही. मला आधी हसू आलं आणि मग बाकावर बसवेना.

पेला तुळशीत ओतत होतीस हे मला माहीत नव्हतं. जमनाबाईंचं बोलणं माहीत नव्हतं. मी फक्त स्वतःकडे बघत होतो, की आपण चुकत तर नाही ना. सगळं आयुष्य मापं मोजण्यात गेलं, कोणाचं दाणाभर कमी पडू दिलं नाही, असा मला गर्व होता.

आज सकाळी कागद घेऊन त्रिशलाकडे गेलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणालो, "अकरावा रकाना चुकला आहे."

ती म्हणाली, "हात लावला तर मदत बंद होईल, आजोबा. यादीतून नाव जाईल."

"जाऊ दे. पेन दे."

"मी खोडू?"

"नको. अक्षर माझं आहे."

खोडलं आणि वर लिहिलं, मुलगी. अक्षर नीट आलं नाही. तिने कागद बघितला आणि म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पाकीट पोस्टात टाकाले तुमी माह्याच हाती देल्लं होतं. वर पत्ता काय, चि. मंजुषा. घरमालकिनीले कोनी चिरंजीव लिहितं काय?"

मग का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कागद तर माह्या टेबलावर येनारच होता. तवा वर पाठवाचा का नाही, हे मले ठरवा लागलं असतं. म्या वाट पाहून राह्यली होती, का तुमीच काही कराल." एवढं बोलून तिने माझ्या नावावर रेघ मारली. रागाने नाही, हळू मारली.

आता माझं नाव खाटांच्या यादीत नाही, भाड्याच्याही नाही. अकोल्याची जीप तीन तारखेला आहे.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. कधी मागितली नाही, सवय नाही. उद्या मिश्रीलालशेठच्या दुकानात चावी आणायला जातो. जातो असं लिहिलं आहे, म्हणजे आता जावं लागेल.

तुझा बाबा


चाकण
५ एप्रिल २०२५

बाबा,

मिश्रीलालकाकांचा फोन आला. तुम्ही चावी घेतलीत, वर कुलपात घालायला त्यांच्याकडूनच तेलही घेतलंत, आणि तेलाचे पैसे द्यायला हटून बसलात म्हणे. ते हसत होते.

मी पत्र घेऊन मोरीत जाऊन रडले. मग येऊन डबे भरले. तुमचे जावई म्हणाले, "बाबाले लिही, मोटरले दोन लाता मार, चालू होते."

एक विचारते. समोरची खोली रिकामीच राहणार आहे. ग्यानबाकाकांना जीपने अकोल्याला नेलं तर नाही ना? ते दुसऱ्या यादीत आहेत, आणि आपलं त्यांचं नातं खरंच काही नाही. तारीख निघून गेली असेल तर त्रिशलाताईंना विचारून बघा, तुमची जागा सुटली आहे म्हणावं. आम्ही सही करून पाठवतो. एकट्याने राहू नका, तुम्हाला काही झालं तर मोहनसिंगकाका मला फोन करणार नाहीत.

आईसाठी घागर या वर्षी कुठे भरणार, हेही ठरवा. अक्षय तृतीया तीस तारखेला आहे. मला सुट्टी नाही.

पाणी प्यालात का, हे मी विचारत नाही. विचारलेलं नाही.

मंजू


जिनमागची गल्ली, कारंजा लाड
१ मे २०२५

चि. मंजू,

या पत्त्यावरून तुला पहिलं पत्र. पत्ता लिहिताना दोन वेळा थांबलो.

तीन तारखेची जीप भरली, म्हणून ग्यानबा पुढच्या खेपेसाठी मागे राहिला होता; त्याचा अर्ज मंजूर झाला. मीच भरला. अकराव्या रकान्यात 'काही नाही' लिहायचं होतं, खरं होतं, तरी हात अडला. ग्यानबा म्हणाला, "लिही ना लेका, मी तुया कोन लागतो?" लिहिलं. तो समोरच्या खोलीत आला आहे. एका हाताने भाकर थापतो, माझ्यापेक्षा गोल. मोटर लाथेने सुरू झाली नाही, मिस्त्री आणावा लागला.

आता जे सांगायचं ते. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. महिनाभर मी इथे राहिलो, झोपलो, स्वयंपाक केला, पण प्यायचं पाणी निवाऱ्यातून बाटलीत आणत होतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. भाजी शिजवायला तुझ्या बोरचं पाणी घ्यायचो, ते उकळतं म्हणून चालतं अशी मी मनाची समजूत घातली. त्रिशला मला रोज दारात बघायची आणि बाटली भरून द्यायची. ग्यानबा मात्र बोलायचा. "भाडं मायं, घर लेकीचं, आन् पानी पालिकेचं. तुया ह्या घरात हाय तरी काय रे?" मी म्हणायचो, जुनी खोड आहे, एका दिवसात जाणार नाही. अर्जावर 'मुलगी' लिहिलं तेव्हा वाटलं होतं सुटलो. लिहिणं सोपं होतं, मंजू. पेला तोंडाला लावायला गेलो की हात आपोआप मागे यायचा, तुझ्या ओट्यावर यायचा तसाच.

काल अक्षय तृतीया. कुंभाराकडून नवी घागर आणली. दर वर्षी भाड्याच्या घरात भरायचो, तिथे कुठलंही पाणी चालायचं. काल प्रश्न आला. निवाऱ्याच्या बाटलीने घागर भरेना, आणि तुझ्या आईला बाटलीतलं पाणी कसं द्यायचं? मग आठवलं, तिला या घरचं पाणी माझ्याआधीपासून माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे.

मागच्या दारापाशी, तू लिहिलं होतंस त्या चुलीच्या जागी घागर मांडली. बोरचं पाणी भरलं. वर आंबा ठेवला. चिंचवणी केली, गूळ जास्त झाला. वांग्याची भाजी केली आणि पानात दोनदा वाढली. तिला म्हणालो, आता पुढच्या दाराने येत जा. ग्यानबा शेजारी उभा होता, त्याने टोपी काढली.

मग त्याच घागरीतून मी पेला भरून घेतला आणि ओट्यावर आलो. आत पिऊन चाललं नसतं. जिथे नको म्हटलं होतं तिथेच प्यायला हवं होतं. ऊन कडक होतं, पण गल्ली जागी होती. जमनाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय जगदेवभाऊ, पानी पिऊन राह्यले काय?"

मी मोठ्याने सांगितलं. मला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्यानेच बोलतो, पण काल त्याहून मोठ्याने. "हो. लेकीच्या घरचं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं छातीत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. पाणी गार होतं, नव्या मातीचा वास होता, आणि मला फार तहान लागलेली होती. किती दिवसांची ते मला सांगता येणार नाही.

पहिला पेला संपवला, लाभ म्हणालो, आणि आत जाऊन दुसरा भरून आणला.

तुझा बाबा